सी ड्राइव्हला शंभर जीबी

बाहेरच्यांना कोरेगाव भीमा माहीत आहे ते १ जानेवारीमुळे आणि नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीतल्या विजयस्तंभामुळे. गावाचा रोजचा दिवस मात्र चालतो तो पुणे-नगर रस्त्यावर. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसं इथं भाड्यानं राहतात. खाली मालक आणि वर खोल्या, अशी घरं रांगेनं उभी आहेत. त्यांतल्याच एका घरातला हा घटनाक्रम. घर एक म्हणून लिहिलं असलं तरी ते जुळवलेलं आहे. दुरुस्तीच्या दुकानांत अशीच मशीनं येतात, त्यांच्या हकिकती एका दिवसात बसवल्या आहेत. डिस्कवर जे घडतं ते मात्र असंच घडतं.

दिवस ऑक्टोबर २०२५ मधला, दिवाळीच्या तोंडावरचा गुरुवार. पुणे परिसरातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि विजेच्या देखभालीची कामंही बहुतेक गुरुवारीच निघतात. म्हणजे वडील घरी आणि लाईटचा भरवसा नाही. वेळ मोजायची ती रात्री ९.५० पासून मागे.

सकाळी ८.४० (१३ तास १० मिनिटं बाकी)

"पप्पा, सी लाल झालाय."

मुलगा डिप्लोमाला आहे. त्याच आठवड्यात, मंगळवारी १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ची फुकट सुरक्षा अपडेट बंद झाली. घरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ ला चालणारा. सेटअप सुरू केला तर तो जागा मागतो आणि सी ड्राइव्ह १०० जीबीचा, त्यात ३ जीबी शिल्लक.

सी भरला कशानं? डेस्कटॉपवर टाकलेलं सगळं सी मध्येच जातं, हे बहुतेक घरांत कुणाला ठाऊक नसतं. डेस्कटॉपवर बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना पुन्हा परवानगी दिल्यापासून शिरूर, खेड, आंबेगावातल्या घाटांवर हा पोरगा मोबाईल घेऊन उभा असतो. व्हिडिओ कापायच्या सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल्सही सी मध्येच साठत गेल्या. खरं तर अर्ध्या तासात ते व्हिडिओ डी मध्ये हलवले असते आणि कचरा साफ केला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण लाल पट्टी दिसली की माणसाला जागा मोठी करावीशी वाटते, सामान कमी करावंसं वाटत नाही.

वडिलांनी चहा पिता पिता सांगितलं, "डी मध्ये एवढी जागा पडून आहे. त्यातली शंभर काढ अन् सीला जोड."

सकाळी ९.१५ (१२ तास ३५ मिनिटं)

डिस्क मॅनेजमेंट उघडलं. १ टीबीची डिस्क, विंडोजच्या हिशेबानं ९३१ जीबी. डावीकडून सी, १०० जीबी. मग अर्ध्या जीबीची एक चिंचोळी पट्टी. मग डी, ८३० जीबी, त्यातले ४१० भरलेले. सी वर राईट क्लिक केलं तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुसट. दाबलं जात नाही.

मग सीच्या उजव्या कडेला मोकळी जागा हवी म्हणून डी वर 'श्रिंक व्हॉल्यूम'. काही मिनिटांत डी ७३० चा झाला आणि १०० जीबीची काळी पट्टी निघाली, पण निघाली ती डीच्या उजव्या टोकाला, डिस्कच्या अगदी शेवटी. सीचं 'एक्स्टेंड' अजून पुसटच.

इथं वडिलांना गोष्ट मुलाच्या आधी कळली. रस्त्याकडेच्या जमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं व्यवहार बघितलेला माणूस. पडद्याकडे बोट करून म्हणाले, "अरे, चतुःसीमा जुळत नाहीत ना. तुला शेजारच्या रानातलं पाहिजे, अन् तू तोडलंय त्या रानाच्या पलीकडच्या बांधाला. वर मधी तिसऱ्याची पट्टी आहे ती वेगळीच." डिस्क मॅनेजमेंटचा सगळा नियम एवढाच आहे. विंडोज स्वतःहून ड्राइव्ह वाढवतं ते फक्त उजवीकडे, आणि लगत जागा मोकळी असेल तरच. ड्राइव्हची डावी सीमा ते हलवत नाही.

तिसऱ्याची पट्टी म्हणजे रिकव्हरी पार्टिशन. विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची हत्यारं त्यात असतात. कुणी मागितलेली नसते, बऱ्याचदा एखाद्या अपडेटच्या वेळी सी थोडा आखडून तयार झालेली असते. ९ जानेवारी २०२४ ला आलेलं केबी५०३४४४१ हे अपडेट जगभरच्या घरगुती मशीनांवर अडकलं ते या पट्टीपायीच. पट्टीत जागा पुरेना, आणि मायक्रोसॉफ्टनं लोकांना सांगितलं की कमांड लिहून सी आखडा आणि पट्टी २५० एमबीनं वाढवा. पार्टिशनला हात लावायचं काम कंपनीनंच घराघरांत पाठवलं, तेही काळ्या खिडकीत कमांड टाईप करून. ज्यांनी ते केलं नाही, ते शहाणे.

सकाळी १०.१० (११ तास ४० मिनिटं)

यूट्यूबवरच्या हिंदी व्हिडिओत फुकटातलं एक सॉफ्टवेअर सांगितलं होतं, डीची डावी सीमाही हलवणारं. व्हिडिओवाल्यानं सुरुवातीलाच बजावलं, 'पहले बैकअप ले लेना', आणि पुढच्या वाक्यात तो बटणाकडे वळला. असे इशारे हेल्मेटसक्तीच्या पाटीसारखेच वाचले जातात.

घरात बाहेरची हार्ड डिस्क होती. ती टीव्हीला लावलेली, सिनेमांनी भरलेली. त्यावरचं काढून डी तिच्यावर घ्यायचा तर दुपार जाणार. आई म्हणाली, "आज फराळाला बसायचंय, एकदाचं काय ते उरका." डी मध्ये काय होतं ते कुणी मोजलं नाही. भाडेकरूंचे करारनामे आणि आधारच्या प्रती, सबमीटरच्या रीडिंगची एक्सेल, सात-बाराचे स्कॅन, २०१९ पासूनचे फोटो. आणि सगळ्यात शेवटी, जूनमध्ये, टाकलेलं थोरल्या मुलीचं लग्न. फोटोग्राफरनं पेनड्राइव्हवरून खेपेखेपेनं दिलेलं पूर्ण शूटिंग, हळदीपासून पाठवणीपर्यंत, न कापलेलं.

सकाळी १०.३५ (११ तास १५ मिनिटं)

सॉफ्टवेअरनं तीन कामं रांगेत लावली. डी उजवीकडे सरकवणे, पट्टी उजवीकडे सरकवणे, सी वाढवणे. खाली 'अप्लाय'. मुलानं दाबलं.

आता डीचं काय होतंय ते नीट बघू, कारण पुढचं सगळं यावर आहे. डीची सीमा म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या तक्त्यातले दोन आकडे, कुठून आणि कुठपर्यंत. नव्या जीपीटी पद्धतीत या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते. आकडे बदलायला क्षणही लागत नाही. पण डीतल्या प्रत्येक फाइलचा पत्ता हा डीच्या सुरुवातीपासून मोजलेला असतो. सुरुवात १०० जीबी पुढे नेली, तर आतला सगळा ऐवजही १०० जीबी पुढे न्यावा लागतो. नाहीतर पत्ते बरोबर आणि त्या पत्त्यावर भलतंच कुणी, असं होतं.

म्हणून सॉफ्टवेअर ४१० जीबी उचलून पुढे मांडतं. शेवटापासून सुरुवात करतं, म्हणजे मांडताना अजून न उचललेल्यावर काही पडू नये. ४१० वरचं ५१० वर, मग ४०९ वरचं ५०९ वर, असं मागे मागे. सगळं झालं की अगदी अखेरीला तक्त्यातला आकडा बदलायचा. एकाच जुन्या डिस्कवर वाचायचं आणि तिथंच लिहायचं, त्यामुळे डोकं सारखं इकडून तिकडे धावतं आणि वेग सेकंदाला सत्तावीस एमबीच्या आसपास पडतो. हिशेबानं चार तास आणि वर काही मिनिटं. सॉफ्टवेअर मात्र उरलेला वेळ कधी दोन तास दाखवत होतं, कधी सहा.

यूपीएस होता. कॉम्प्युटर घेतला तेव्हाचाच, त्याची बॅटरी कधी बदललेली नव्हती. घराच्या इन्व्हर्टरवर पंखे, ट्यूब आणि टीव्ही, कॉम्प्युटरचा सॉकेट नाही.

दुपारी १२ च्या सुमारास

टक्केवारी चाळिशीच्या आत. सांगण्यासारखं काही घडत नाही, तेवढ्यात सी-डीचा हा संसार आला कुठून ते सांगून टाकतो.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला, १० एमबीच्या हार्ड डिस्कसह. सोबत डॉस २.० आणि त्यात एफडिस्क. एका डिस्कचे चार भाग पाडता येत. त्या चार भागांच्या नोंदीला तक्त्यात ६४ बाइट पुरत. भाग पाडायचे ते वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम एकाच डिस्कवर नांदाव्यात म्हणून. पुढे फॅट १६ पद्धतीत दोन जीबीच्या वर एक ड्राइव्ह जाईना, म्हणून सी, डी, ई, एफ अशा ओळी लागल्या. आपल्याकडच्या असेंबल्ड कॉम्प्युटरवाल्यांनी त्यातून आपली रीत काढली. सी मध्ये विंडोज, डी मध्ये डेटा, म्हणजे व्हायरस लागला की सी फॉरमॅट मारायचा आणि गिऱ्हाइकाचे फोटो राहतात. रीत चांगली होती. अजूनही वाईट नाही. पण त्या रीतीनं लोकांना एक चुकीची खात्रीही दिली, की डी सुरक्षित असतो. सी आणि डी एकाच तबकडीवर आहेत, हे त्या खात्रीत बसत नाही. शिवाय सीला किती द्यायचं हे दुकानदार सवयीनं ठरवतो. २०१९ मध्ये १०० जीबी भरपूर वाटले असणार.

एकदा पाडलेली वाटणी मोडायची तर पूर्वी सगळं पुसूनच करावं लागे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या पॉवरक्वेस्ट कंपनीच्या पार्टिशन मॅजिकनं डेटा ठेवून सीमा हलवायची सोय केली. २००३ मध्ये ती कंपनी सिमँटेकनं घेतली. २००४ पासून लिनक्सवाल्यांचं जीपार्टेड फुकट मिळतं. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून खिडकीतच 'श्रिंक' आणि 'एक्स्टेंड' आलं. चाळीस वर्षांत हे काम इतकं सोपं दिसायला लागलं की माऊसनं कड ओढायची, बस. कड ओढल्यावर खाली ४१० जीबी उचलावे लागतात, हे त्या चित्रात कुठं दिसत नाही.

दुपारी १.०५ (८ तास ४५ मिनिटं)

लाईट गेली.

यूपीएस ओरडला, तीनेक मिनिटं तग धरली, मग पडदा काळा. स्वयंपाकघरात शंकरपाळ्या तळत होत्या, तिथून आईचा आवाज: "गेली का रे?" पडद्यावर शेवटचं दिसलं ते ६० टक्के.

मुलाला घाम फुटला. बहुतेक वाचकांनाही वाटेल की झालं, संपलं. पण कागद घेऊन बसलं तर वेगळंच निघतं. साठ टक्के म्हणजे मागचे २४५ जीबी उचलून झाले होते. पुढचे १६५ जुन्याच जागी. आणि गंमत अशी, की १६५ ते २६५ हा तुकडा दोन्हीकडे होता. नव्या जागी मांडून झालेला आणि जुन्या जागीही शाबूत, कारण तिथवर वरून लिहिणं पोचलंच नव्हतं. जुन्या पत्त्यानं पहिले २६५ जीबी बरोबर वाचता येत होते. नव्या पत्त्यानं १६५ पासून पुढचे सगळे. डीतली एकही फाइल गेलेली नव्हती. लग्न तर आधीच नव्या जागी सुखरूप पोचलेलं. तक्ता मात्र अजून जुना पत्ता सांगत होता.

एवढं ओळखणारा माणूस आणि एक रिकामी १ टीबीची डिस्क, या दोन गोष्टी त्या घरात असत्या तर संध्याकाळपर्यंत दोन्ही तुकडे शिवून डी पुन्हा उभा राहिला असता.

दुपारी ३.२० (६ तास ३० मिनिटं)

लाईट आली. कॉम्प्युटर सुरू झाला, विंडोज आलं, कारण सीला कुणी हातच लावला नव्हता. डीही दिसला. डबल क्लिक, फोल्डर दिसले. घरभर हायसं.

कोपऱ्यात एक सूचना आली. ड्राइव्हमध्ये चुका आढळल्या आहेत, दुरुस्तीसाठी रिस्टार्ट करा. विंडोज स्वतः म्हणतंय, तर बरोबरच असणार. मुलानं रिस्टार्ट केलं.

दुपारी ३.४५ (६ तास ५ मिनिटं)

काळ्या पडद्यावर चेकडिस्क. मुलानं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ घेतला, दुकानदाराला दाखवायला म्हणून. त्यात ओळी झरझर जाताना दिसतात: डिलीटिंग इंडेक्स एंट्री, डिलीटिंग ऑर्फन फाइल रेकॉर्ड सेगमेंट. मागून वडिलांचा आवाज येतो, "डिलीट करतंय का हे?" आणि मुलाचं उत्तर, "नाही पप्पा, दुरुस्ती चाललीय."

दोघंही आपापल्या जागी बरोबर. चेकडिस्कचं काम फाइल शोधून देण्याचं नाहीच. एनटीएफएस ही व्यवस्था आपल्या नोंदींशी सुसंगत आहे का, एवढं ते बघतं. नोंदीत अमुक फोल्डरची यादी ३०० जीबीवर आहे म्हटलंय आणि तिथं वाचलं तर दुसऱ्याच कुठल्या फाइलचं पोट निघालं, तर चेकडिस्क ती नोंद खोटी ठरवून काढून टाकतं. ज्यांचे आईबाप सापडत नाहीत अशा फाइल 'फाउंड' नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवतं. फाइलच्या आत काय आहे हे ते बघतच नाही. आपला माल १०० जीबी पुढे सरकला आहे, ही शक्यता त्याच्या विचारात बसत नाही. अखेरीला ते सांगतं की व्हॉल्यूम आता निर्दोष आहे. हा निर्दोषपणाचा दाखला रात्री महागात पडणार होता.

दुपारी ४.४० (५ तास १० मिनिटं)

घरातल्या सगळ्यांनी डी तपासला. वडिलांनी भाडेकरूंची एक्सेल उघडली, उघडली. सात-बारा उघडला. २०१९ चे फोटो, २०२१ चा गणपती, सगळं ठीक. ही जुनी मंडळी साधारण डीच्या सुरुवातीला बसलेली, पहिल्या २६५ जीबीत.

मग आईनं लग्न उघडायला सांगितलं. फोल्डर होता. आत फोटोंच्या छोट्या चौकटींत नवरी हळदीच्या पाटावर दिसत होती, करवल्या दिसत होत्या. आईनं एकीवर डबल क्लिक करायला लावलं. फाइल उघडता येत नाही. दुसरी, नाही. व्हिडिओ, नाही. साईझ बघितला तर बरोबर, चार-पाच एमबी.

त्या छोट्या चौकटींनी घर फसलं. विंडोज एकदा बघितलेल्या फोटोची लहान प्रत वेगळी साठवतं, आणि ती साठवतं सी मध्ये. म्हणजे हळदीच्या पाटावर दिसणारी नवरी डीतली नव्हतीच. पण दिसत होती ना. त्यामुळे सगळ्यांचा निष्कर्ष एक: फोटो आहेत, फक्त उघडत नाहीत.

संध्याकाळी ६.३० (३ तास २० मिनिटं)

खराडीत आयटीत असलेल्या चुलत भावाला फोन. त्यानं मोजके प्रश्न विचारले आणि म्हणाला, "मशीन बंद कर. वायर काढून ठेव. काही म्हणजे काही करू नको, मी रविवारी येतो."

"दादा, पण डी उघडतोय."

"उघडू दे. तू बंद कर."

दिवसभरात या घराला मिळालेला एकमेव पूर्ण शहाणा सल्ला. त्यात खोट एकच होती, दादानं कारण सांगितलं नाही. मीटिंगमध्ये होता. कारण न कळलेला सल्ला अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात किती वेळ टिकणार? पावणेदोन तास टिकला.

रात्री ८.१५ (१ तास ३५ मिनिटं)

जेवताना मुलानं विचार मांडला, आणि तो ऐकायला अगदी पटणारा होता. काम साठ टक्क्यांवर थांबलं. जुने फोटो ठीक आहेत, नवे उघडत नाहीत. म्हणजे अर्धं सामान हललंय, अर्धं नाही. उरलेलं काम पूर्ण केलं की सगळं जागेवर येईल.

यातलं निदान शंभर टक्के खरं आहे. कुणी न शिकवता त्यानं ते स्वतः काढलं, याची मला खरंच कमाल वाटते. उपायही बरोबर ठरला असता, सॉफ्टवेअरनं १६५ पासून पुढे काम उचललं असतं तर. काही सॉफ्टवेअर आपण कुठं थांबलो याची नोंद ठेवतात. याची नोंद असलीच तरी चेकडिस्कनं मधल्या काळात डीच्या नोंदी बदलल्या होत्या. सॉफ्टवेअरनं डी पुन्हा वाचला, निर्दोष असल्याचा दाखला बघितला, आणि त्याच्या दृष्टीनं हा एक चांगला, धडधाकट, अजून न हललेला डी होता. दुपारचं काही त्याला आठवत नव्हतं.

चेकडिस्क चालवलं नसतं तर बहुधा या सॉफ्टवेअरनंच डीला हात लावायला नकार दिला असता. आधी चुका दुरुस्त करा, म्हणालं असतं.

वडिलांनी विचारलं, "लाईट गेली तर?" हा त्या संध्याकाळचा एकमेव आक्षेप. त्यावर उपायही निघाला. शेजारून नवा यूपीएस आणला, वर इन्व्हर्टरवरून वायर ओढली. आता लाईट गेली तरी फिकीर नाही, अशी चोख तयारी.

रात्री ९.५० (शून्य)

अप्लाय.

सॉफ्टवेअर पुन्हा शेवटापासून सुरू झालं. ४१० वरचं उचलून ५१० वर मांडायचं. पण ४१० वर आता ४१० चं काही नव्हतं, तिथं दुपारी ३१० वरून आणून ठेवलेलं होतं. आणि ५१० वर दुपारीच पोचलेला खरा ४१० होता, लग्नाच्या शूटिंगचा शेवटचा भाग. त्याच्यावर ३१० चं लिहिलं गेलं. मग ४०९ चं ५०९ वर. तसंच मागे मागे. ज्या जागेवर लिहिलं गेलं तिथलं आधीचं परत येत नाही. कचरापेटीत जात नाही, कुठल्या सॉफ्टवेअरला सापडत नाही.

किती गेलं, हा हिशेब सोपा आहे. ३१० ते ४१० मधलं सगळं, म्हणजे बरोबर १०० जीबी. सीला द्यायचे होते तेवढेच. गेले ते डीच्या शेपटाकडचे, सगळ्यात नवे, आणि त्यांची पहिल्या तासाभरातच वाट लागली. पहिल्या दहा मिनिटांत कुणी वायर ओढली असती तर त्यातले ऐंशी-पंच्याऐंशी वाचले असते. पण आता वायर चुकूनही निघणार नाही अशीच व्यवस्था होती.

२६५ ते ३१० मधले ४५ जीबी वाचले, पण ते आता आणखी शंभरनं चुकीच्या पत्त्यावर जाऊन बसले.

मध्यरात्री २.००

त्या रात्री लाईट एकदाही गेली नाही. सॉफ्टवेअरनं तिन्ही कामं पूर्ण केल्याचं हिरव्या खुणेसह सांगितलं. एकही चूक नाही. सी २०० जीबीचा झाला, लाल पट्टी निळी झाली. मुलानं स्क्रीनशॉट काढून दादाला पाठवला: 'झालं'.

लग्नाचे फोटो उघडत नव्हतेच. सकाळी रिस्टार्ट केल्यावर उघडतील, असं ठरवून तो झोपला.

रविवार

दादा मोकळी डिस्क घेऊन आला. आधी आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली, मग त्या प्रतीवर फोटोरेक चालवलं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे फुकट सॉफ्टवेअर फाइलच्या नोंदी बघतच नाही. आख्खी डिस्क वाचत जातं आणि जेपेगच्या सुरुवातीला असणारे ठरावीक बाइट दिसले की फोटो म्हणून उचलतं. नावं राहत नाहीत, तारखांचे फोल्डर राहत नाहीत, फक्त आकड्यांच्या फाइल. त्या ४५ जीबीतलं बरंचसं असं परत मिळालं: २०२४ मधल्या शर्यती, एक बारसं, आणि साखरपुड्याचा थोडा भाग, कारण लग्नाच्या फाइलींतला तेवढाच ३१० च्या अलीकडे होता.

वडिलांनी विचारलं, "गुरुवारी दुपारी तू आला असतास तर?" दादानं कागदावर १६५ आणि २६५ लिहून दाखवलं. वडील बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होते. मग त्यांनी मुलाला नाही, दादालाच सुनावलं, "हे फोनवर सांगायचं होतंस." दादा काही बोलला नाही. दोन मिनिटांचं सांगणं होतं, हे त्यालाही दिसत होतं.

फोटोग्राफरकडे माणूस पाठवला. तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा सीझन. त्याआधी ते मे महिन्यातल्या लग्नांची कार्डं आणि डिस्क रिकामी करतात, तशी त्यानं केली होती. त्याच्याकडे अल्बमसाठी निवडलेले फोटो आणि कापून केलेली फिल्म होती, तेवढी त्यानं लगेच दिली. न कापलेलं कुणाकडेच नव्हतं.

भाऊबीजेला मुलगी माहेरी येणार होती. त्याआधी घरानं लग्नाच्या सगळ्या ग्रुपांवर निरोप टाकला, ज्यांच्या मोबाईलमध्ये काही असेल त्यांनी पाठवा. दौंडहून, शिरूरहून, वरच्या खोल्यांतल्या भाडेकरूंकडून व्हिडिओ यायला लागले. व्हॉट्सअ‍ॅपनं दाबून बारीक केलेले, काही आडवे, काहींत नुसता डीजेचा आवाज आणि कुणाची तरी पाठ. मुलानं ते एका फोल्डरात गोळा केले. फोल्डर डेस्कटॉपवर केला, कारण सी मध्ये आता भरपूर जागा होती.